जड ओवाळणी

२७ जुलै, रविवार
शेजारच्या राज्यातल्या ट्रॉयहून दुपारी परतलो. व्याख्यान रंगलं. विषय ‘निर्भय समाज’. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. गाडीत टोलेडो मागे पडेपर्यंत माझीच वाक्यं माझ्या कानात घोळत होती.

घरी आलो तर नलू ओट्याशी उभी, चहाचं आधण आटून गेलेलं. काल अंधार पडताना मागच्या लाकडी डेकचं दार कुणीतरी ओढून पाहिलं. हँडल खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. ही जिन्यात बसून राहिली. पोलीस आले, टॉर्च मारून गेले. सज्जन होते म्हणाली. दाराच्या काचेवर तळहाताचा ठसा होता, तो तिनं सकाळी पुसून टाकला. पुसायचा नव्हता, पण बघवेना म्हणे.

मला फोन का केला नाहीस, विचारलं.
“तुम्ही स्टेजवर होतात.”

२९ जुलै
नलू झोपत नाही. मी बाहेरगावी गेलो की कुसुमताई सोबतीला येतात, हा आमच्याकडचा शिरस्ता. दोन रस्ते सोडून राहतात, एकट्याच. मूळच्या नागपूरच्या. गॅरेजचा कोड त्यांना पाठ. बेल न वाजवता डबा घेऊन आत येतात, चपला काढायच्या आधी टीव्ही लावतात. पण यंदा लेकाकडे टेक्सासला गेल्यात, दिवाळीनंतर येणार.

नलू म्हणाली, ताई येईपर्यंत बाहेरगावची व्याख्यानं थांबवा. “सोबत हवी मला.”

मी समजावलं. भीती दारातून येत नाही, मनातून येते; जो समाज कडीकुलपावर विसंबतो तो इत्यादी. चांगलं बोललो. ती शांतपणे ऐकत होती. मग उठली आणि डेकच्या दाराला खुर्ची लावून आली.

९ ऑगस्ट
कॅमेरे बसवले. आता नलू फोनवर रिकामं डेक बघत बसते. आज एक खार आली, तर दचकून हातातली वाटी पाडली.

सिनसिनाटीचं व्या. रद्द करता येत नाही. महिनाभर आधी पत्रकं वाटलीत. तिला म्हटलं, चल माझ्याबरोबर. म्हणाली, तेच भाषण किती वेळा ऐकू.

३० ऑगस्ट, शनिवार
मंडळाचा गणपती. आज जे बोललो ते लिहून ठेवलं पाहिजे, कारण तयारी केली नव्हती, आतून आलं. म्हणालो, आपण देवीच्या आठ हातांतली शस्त्रं डोळे भरून बघतो आणि घरातल्या बाईच्या हातात लाटणं ठेवून निवांत झोपतो. या देशाच्या राज्यघटनेनं नागरिकाला शस्त्राचा हक्क दिला आहे. तो इथल्या गुंडाला ठाऊक आहे, इथल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे, फक्त आपल्या इंजिनियरला लाज वाटते. आणि मग, ते कुठून आलं कोण जाणे: “येत्या पाडव्याला माझ्या बायकोच्या तबकात मी साडी घालणार नाही.”

मग असा टाळ्यांचा कडकडाट की मागे कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.

नलू चौथ्या रांगेत होती. मोदकाच्या ताटावर कागद झाकत होती. गाडीत मीच विचारलं, कसं झालं? म्हणाली, आवाज बसलाय तुमचा, गरम पाणी प्या.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
दरवर्षीप्रमाणे हत्यारांची पूजा: माझा लॅपटॉप, नलूचं शिवणयंत्र, बर्फाचं फावडं. नलूनं तिची जुनी रक्त काढायची पेटीही ठेवली. हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाली तेव्हापासून ठेवते. मी म्हटलं, पुढच्या वर्षी इथे खरं शस्त्र असेल. ती फावड्याला झेंडू लावत होती. म्हणाली, हे खोटं आहे का? गेल्या जानेवारीत ह्याच्यावरच जगलो.

११ ऑक्टोबर, शनिवार
घेतलं.

दुकान हायवेच्या पलीकडे, मासेमारीच्या सामानाच्या शेजारी. विक्रेता घाईत होता, पण नीट बोलला. बायकोला भेट द्यायचं आहे म्हटल्यावर म्हणाला, चालतं. पैसे तुमचे, भेट खरी, आणि तिला बंदूक बाळगायला कायद्याची मनाई नसली की झालं. तिनं पैसे देऊन तुम्हाला पाठवलं असेल तर मात्र तिनंच यायला हवं. फॉर्मवर पहिलाच प्रश्न: खरा खरेदीदार तुम्हीच का? मी ठणकावून ‘हो’ लिहिलं. नावाची तपासणी तिथल्या तिथे झाली. इतकी वर्षं कर भरल्याचं, सिग्नल न तोडल्याचं सार्थक वाटलं. चोरवाटेनं नाही, राजमार्गानं.

लहान पिस्तूल, काळं. सोबत आकड्यांच्या कुलपाची पोलादी पेटी. त्यानं विचारलं, त्यांनी कधी हातात घेऊन पाहिलंय? सरप्राइज आहे, म्हटलं. त्यानं मान हलवली आणि बिल फाडलं.

गाडीच्या डिकीत ठेवून घरी येताना छाती भरून आली होती. हेही खरं, म्हणून लिहितो.

२२ ऑक्टोबर, पाडवा
नलूनं ओवाळलं. निळी साडी नेसली होती, केस धुतलेले. मी खुर्चीवर टोपी घालून. सोनेरी कागदात बांधलेली पेटी तबकात ठेवली तसं तबक एका बाजूला कललं, निरांजन घरंगळलं आणि विझलं. तिनं हसून सावरलं. “केवढं जड हो. बाळकृष्ण आणलात की काय?” पितळी बाळकृष्ण हवाय तिला, किती वर्षांपासून. मी विसरलो होतो.

कागद सोडला. घडी करून बाजूला ठेवला, तिची सवय. मी पेटी उघडून दाखवली.

“मला वाटलं, स्टेजवरचं स्टेजवर राहतं,” ती म्हणाली. “आजवर राहिलं होतं.”

मग तबकातलं कुंकू बोटावर घेऊन पेटीला लावलं. अक्षता वाहिल्या. माझ्या पाया पडली. यातलं काय चेष्टेचं होतं आणि काय नाही, मला कळलं नाही. जेवायला श्रीखंड होतं, तेही चांगलं झालं होतं.

रात्री ऋताला फोटो पाठवला. मुलगी बेलव्ह्यूला, पश्चिम किनाऱ्यावर, मोठ्या कंपनीत. तिचं एका ओळीचं उत्तर: डिड शी आस्क फॉर इट?

१ नोव्हेंबर, शनिवार
नवशिक्यांच्या वर्गाला दोघं गेलो, शूटिंग रेंजवर. कानांवर जाड कर्णकवच. तरी पहिला बार झाला तेव्हा मी खांदे आखडून डोळे मिटले. दुसऱ्या बारालाही. तिसऱ्याला शिक्षिका म्हणाली, सर, यू कॅन वेट आउटसाइड.

काचेतून नलूला पाहत उभा राहिलो. तिचा हात हलत नव्हता. आयुष्यभर लोकांच्या शिरा शोधल्या त्या हातांनी. कागदावरची भोकं जवळजवळ होती, सगळी मधल्या वर्तुळात. शिक्षिकेनं तिची पाठ थोपटली.

गाडीत मी कौतुक करायला लागलो, रणरागिणी वगैरे. तिनं हात वर करून थांबवलं.

“जमतं मला. तेच वाईट आहे. आधी वाटायचं, दाराशी कोण असेल. आता वाटतं, मी काय करीन.”

पुढे घरापर्यंत वायपरचा आवाज.

८ नोव्हेंबर
कुसुमताई आल्या टेक्सासहून. आणि बेल वाजवली. आम्ही या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा. बेलच नाही, ड्राइव्हवेमधून ओरडत आल्या: “मी होय बापा, कुसुम. मारू नका.” दार उघडलं तर हातात डबा. “तुमच्याकडे गोळी, माझ्याकडे गोळाभात. बघा बदली करता का.”

तिघंही पोट धरून हसलो. नलू इतकी हसली की डोळ्यांना पदर लावला. बरं वाटलं. लोकांनी टेक्सासपर्यंत पोचवलंय माझं भाषण.

मग मी सहज म्हटलं, पुढच्या शनिवारी क्लीव्हलँडला आहे, याल ना झोपायला? त्या डब्याचं झाकण पुसत राहिल्या.

“वक्ते, एक सांगू? रागावू नका. मी रात्री बाथरूमला चारदा उठते. तुमच्या त्या जिन्याजवळून जावं लागते. अंधारात नलूला काय दिसेल, मी की कोणी?”

ते कुलपात असतं, नलू समंजस आहे, सगळं सांगितलं. “हो ना,” त्या म्हणाल्या. “नलूला भिऊन नाही म्हणत मी. झोपच नाही यायची मला, त्याला काय करू? आणि मी झोपले नाही तर ती झोपेल काय?”

नलू गोळाभातावर तेल घालत होती.

१२ नोव्हेंबर
आता सगळेच बेल वाजवतात. मंडळाचा सेक्रेटरी महेश वर्गणीची पावती द्यायला आला तो अंगणातूनच हात वर करून: काका, सरेंडर. समोरच्यांचा मुलगा कढीपत्ता न्यायला आपणहून मागच्या दारानं यायचा, त्याच्या आईनं फोन करून विचारलं, आत्ता पाठवलं तर चालेल का.

सगळे हसतात. कुणी वाईट बोलत नाही. पण गॅरेजचं दार मधेच वर जाऊन ‘नलू, आहेस का?’ असा आवाज येत नाही. तो आवाज इतकी वर्षं मी ऐकलाच नव्हता. आता येत नाही तो ऐकू येतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
क्लीव्हलँडहून आलो. गेलो, कारण शब्द दिला होता. सभागृहात मागच्या रांगा रिकाम्या. मधेच एक वाक्य विसरलो, कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी आलो तर कुलूप. नलू कुसुमताईंच्या घरी. रात्री तिकडेच झोपली. सोबतीला ताई येईनात, तर ही त्यांच्याकडे गेली. दुपारी आली, उशी काखेत घेऊन, रस्त्यानं चालत. मी म्हटलं, मग घर? घर रिकामं ठेवून गेलीस?

“रिकामं कुठे? तुम्ही ठेवलंय ना कुणीतरी सांभाळायला.”

मला राग आला. मी बोललो. हक्क, स्वसंरक्षण, कायद्यानं घेतलं आहे, चोरून नाही, या वस्तूत दोष काय ते दाखव. ती चादरींच्या घड्या करत होती. मी थांबलो तेव्हा शेवटची घडी कपाटात ठेवली.

“वस्तूत दोष नाही,” ती म्हणाली. “मी सोबत मागितली होती. तुम्ही विषय घेतलात.”

१७ नोव्हेंबर
विषय घेतलात. कालपासून दुसरं काही डोक्यात नाही.

जुलैत तिनं काय म्हटलं होतं ते मागे जाऊन वाचलं. इथेच लिहिलं आहे, माझ्याच अक्षरात. दोन वाक्यं. आणि त्याखाली मी तिला काय ऐकवलं ते, किती खुशीत लिहिलं आहे. हक्काबद्दल जे बोललो त्यातला एकही शब्द मला आज मागे घ्यावासा वाटत नाही. तेच तर. सगळं बरोबर बोललो आणि तिनं जे विचारलं नव्हतं त्याचं उत्तर दिलं. चार व्याख्यानं रद्द करायची होती. एवढंच होतं ते.

दुकानात ‘खरा खरेदीदार तुम्हीच का’ला ठणकावून ‘हो’ लिहिलं होतं. कायद्यानं बरोबरच होतं. आणि तसंही: घेतलं ते माझ्यासाठीच.

२० नोव्हेंबर
तिला म्हटलं, विकून टाकू. तेच दुकान जुनी घेतं.

“ओवाळणी आहे,” ती म्हणाली. “तबकात पडली की माझी. तुम्ही कशी विकाल?”
मग तू विक.
“ओवाळणी विकतात?”

रागानं नाही, खरोखरच विचारत होती असं वाटलं. रोख ठेवली असती तबकात तर तिनं भाजी आणली असती. माझ्या मेल्या डोक्यात पाडवाच का आला? दसऱ्याला दिलं असतं, वाढदिवसाला, कशालाही. परत करता आलं असतं.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
ऋता आली आहे, एकटीच, रविवारपर्यंत. आल्या आल्या आईला मिठी, मग मला. जेवताना ठीक होतं. भोपळ्याचे घारगे तिनं पम्पकिन पायसारखे काट्यानं खाल्ले.

नंतर भांडी लावताना मला पुन्हा तेच विचारलं. बाबा, डिड शी आस्क फॉर इट? मी सुरुवात केली: हे बघ, या देशात दुसऱ्या घटनादुरुस्तीचा इतिहास...
“दॅट्स नॉट व्हॉट आय आस्क्ड.”

मायलेकी दोघीही एकच बोलतात, वेगळ्या भाषेत. नाही म्हणालो. नाही मागितलं.

ऋतानं डिशवॉशर बंद केलं. “ओके,” म्हणाली. अजून काहीतरी म्हणेल म्हणून उभा होतो.

३० नोव्हेंबर, रविवार
नलू ऋताबरोबर बेलव्ह्यूला गेली. थोडे दिवस म्हणाली. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

विमानतळावर मी विचारलं, पेटी कुठे आहे? कपाटात, वरच्या फळीवर, कुलूप आहे. नंबर?
“तो कशाला हवा तुम्हाला?” मग जरा मऊ आवाजात, “दूध संपलंय. कुसुमताईंच्या भांड्यात सांडगे आहेत, भांडं परत करा.”

थांब म्हणायचं होतं. तासभर अखंड बोलणारा माणूस मी, पण एक शब्द... सुरक्षा तपासणीच्या रांगेत तिची निळी शाल वळणापर्यंत दिसत होती.

६ डिसेंबर
महेशचा फोन. संक्रांतीच्या कार्यक्रमाला व्या. हवंय. “काका, ‘शस्त्र आणि स्त्री’ असं काहीतरी जबरदस्त ठेवू. काकूंना स्टेजवर बोलवू ना, लाइव्ह उदाहरण.” काकू गावाला आहेत म्हटलं. तोवर येतील ना? बघतो म्हणालो. हॉल बुक करतोय, पुढच्या आठवड्यात नक्की सांगा, यार काका, प्लीज.

सुरुवातीचं वाक्य फोन ठेवायच्या आतच सुचलं होतं. चांगलं होतं. त्याचीच शरम वाटली.

कुसुमताईंचं भांडं द्यायला गेलो. त्यांनी आत बोलावलं, चहा दिला. नलूचा विषय काढला नाही. निघताना म्हणाल्या, “जेवण करून राहिले ना? काहून वाळले मग?”

१३ डिसेंबर, शनिवार
सकाळपासून बर्फ. फावडं मारलं. पाचलाच अंधारून आलं. मी वाचत बसलो होतो तेव्हा डेकच्या दाराचा आवाज झाला. कट्, मग थांबून पुन्हा कट्.

कॅमेऱ्यात पाहिलं. रिकामं डेक, कठड्यावर बर्फ. पन्हळीतून बर्फ पडलं असेल, थंडीनं लाकूड वाजलं असेल. हे सगळं मला समजत होतं. पाय मात्र उठत नव्हते. जिन्यात जाऊन बसलो. तिथे बसल्यावर दिसलं, की फक्त तिसऱ्या पायरीवरून ते हँडल दिसतं. ती इथेच बसली असणार. मी त्या वेळी ट्रॉयला निर्भयतेवर बोलत होतो.

वर कपाटात ते आहे याचा काडीचा आधार वाटला नाही. नंबर माहीत असता तरी वाटला नसता. कुणीतरी गॅरेजमधून आत यावं, चपला काढायच्या आधी टीव्ही लावावा, एवढंच वाटत होतं.

कुसुमताईंचा नंबर काढला. लावला नाही. काय सांगणार होतो, वक्ते घाबरले म्हणून?

१४ डिसेंबर, रविवार
महेशला कळवलेलं नाही.

संध्याकाळी नलूला फोन केला. तिकडे अजून दुपार. तब्येत, औषधं, बर्फ झालं. मग गप्प झालो. तिनं विचारलं, काय झालं? दार वाजलं काल, म्हटलं. काही नव्हतं. मग म्हटलं, “सोबत हवी होती.”

तिनं विचारलं, “हा विषय आहे, की खरंच?”
“खरंच.”

पुढे मी समजावून सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं, क्रमही लागला होता. बोललो नाही. पेटीचं काय करायचं, तीही बोलली नाही. कधी येतेस, मी विचारलं नाही.

फोन ठेवू नकोस म्हणालो. तिनं स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला असावा. काहीतरी चिरत होती, मग नळ, मग कढईवर झारा. मी तिसऱ्या पायरीवर बसून ऐकत होतो. बाहेर अंधार झाला. बऱ्याच वेळानं नळ बंद झाला आणि तिचा आवाज आला.

“आहात ना?”

आहे, म्हणालो.